‘फोन काढून घ्या, पोरं वळणावर येतील’ या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. सोशल मीडिया आल्यापासून वयात येणारी मुलं लैंगिक बाबतीत बेफाम झाली. जितके तास फोन, तितका धोका. मुलांचे सगळे पासवर्ड आईवडिलांकडे हवेत. आणि या विषयावर मुलांशी बोलणं म्हणजे नको ते त्यांच्या डोक्यात भरवणं. चार दावे आहेत. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, बाकीचे टिकत नाहीत.

‘सोशल मीडिया आल्यापासून हे वाढलं.’

वाढलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे २००० साली ६४.५ बाळंतपणं होत. २०२३ साली ती ४१.३ वर आली. अमेरिकेत दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या मुलांची पाहणी होते. ‘शरीरसंबंध आलेला आहे’ असं सांगणारे २०१३ मध्ये ४७ टक्के होते, २०२३ मध्ये ३२ टक्के. स्मार्टफोन मुलांच्या खिशात गेला तो याच दहा वर्षांत. म्हणून फोनमुळे संबंध घटले, असंही कुणी म्हणू नये. पण जे वाढलंच नाही त्याचं खापर कुणावर फोडायचं?

काळजीची खरी जागा मेसेजमध्ये आलेलीच नाही. युरोप, मध्य आशिया आणि कॅनडातल्या १५ वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं. ज्यांचा संबंध आला होता, त्यांच्यापैकी शेवटच्या वेळी कंडोम वापरल्याचं सांगणारे मुलगे २०१४ मध्ये ७० टक्के होते, २०२२ मध्ये ६१. मुलींमध्ये हा आकडा ६३ वरून ५७ वर घसरला. फोन कपाटात ठेवल्याने तो वर कसा येणार, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘जितके तास, तितका धोका.’

संबंध आहे, पण ढिला. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा सोशल मीडियाचा वापर आणि जोखमीचं लैंगिक वर्तन यांचा सहसंबंध ०.२ च्या आसपास निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पुरता). त्याचा वर्ग केला की मुलामुलांतल्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के हाती लागतात. शिवाय दिशा कोणती, ते त्यातून कळत नाही. मुळात धाडसी असलेलं, लवकर वयात आलेलं किंवा आधीच कुणात गुंतलेलं मूल फोनवरही जास्त असतं.

तास मोजणं सोपं, म्हणून तास मोजले जातात. पाहायला हवं ते वेगळंच: अनोळखी माणूस खाजगी चॅटमध्ये आलाय का, फोटोसाठी कुणी मागे लागलंय का, आणि ‘सगळेच करतात’ हे मुलाला पटलंय का. या तिसऱ्यावर हातात आकडा आहे. २०१८ मध्ये ३९ अभ्यास आणि १ लाख १० हजार मुलं एकत्र तपासली, तेव्हा स्वतःचा लैंगिक स्वरूपाचा फोटो किंवा मजकूर पाठवणारे १५ टक्के निघाले. म्हणजे सातांतले सहा जण पाठवत नाहीत. मुलाला ‘पाठवू नकोस’ एवढंच बजावण्यापेक्षा हे सांगितलेलं जास्त कामाला येतं.

‘पासवर्ड आपल्याकडे ठेवा.’

पालकांना मुलांची जास्त माहिती असते त्या घरांत मुलं कमी भरकटतात, हे जुनं निरीक्षण. ही माहिती येते कुठून, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर तपासलं गेलं. ती मुख्यतः मूल आपणहून सांगतं त्यातून येते, पाळतीतून फारच कमी. चोरून चॅट वाचलेलं उघडकीस आलं की पहिला बंद होतो तो हाच झरा. मग दुसरं अकाउंट निघतं किंवा मित्राचा फोन वापरला जातो. पासवर्ड तेवढा तुमच्याकडे राहतो.

त्यापेक्षा मुलाला शेजारी बसवून दहा मिनिटं सेटिंग उघडा. सुरुवात जन्मतारखेपासून. इन्स्टाग्राम सप्टेंबर २०२४ पासून १८ खालच्यांची अकाउंट आपोआप खाजगी ठेवू लागलं आणि १६ खालच्यांना ते बंधन सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण अकाउंट उघडताना वय वाढवून टाकलं असेल तर यातलं बरंचसं वाया जातं. नंतर अनोळखी लोकांचे मेसेज बंद, लोकेशन बंद, फॉलोअरची यादी लपवलेली. फॉलोअरची यादी का लपवायची, ते पुढे येतंच.

फोटोवरून पैसे उकळणाऱ्यांची रीत ठरलेली असते. देखणं प्रोफाइल ओळख काढतं, लगेच दुसऱ्या अ‍ॅपवर यायला सांगतं, आधी स्वतः फोटो पाठवतं, मग मागतं. फोटो हाती आला की फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट, ‘या सगळ्यांना पाठवू’ ही धमकी आणि पैशांची मागणी. यात मुलगे मोठ्या संख्येने अडकतात. पैसे दिले की मागणी वाढते, म्हणून एक रुपयाही द्यायचा नाही. चॅट पुसायचं नाही. आधी युजरनेम, प्रोफाइलची लिंक, धमक्या आणि पैसे मागितलेला खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, अ‍ॅपमध्ये तक्रार करायची, मग ब्लॉक, आणि पोलीस. तो फोटो ‘पुरावा’ म्हणून काका-मामांना पाठवायचा नाही. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. १८ खालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती फोटोचा डिजिटल ठसा काढते, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्या ठशावरून तो शोधून काढून टाकतात. एन्क्रिप्टेड चॅटमधल्या, म्हणजे बोलणाऱ्यांखेरीज कुणालाच वाचता न येणाऱ्या चॅटमधल्या फोटोवर मात्र तिचा इलाज चालत नाही.

आणि हे सगळं करायची संधी तेव्हाच मिळते, जेव्हा मूल पहिल्याच दिवशी येऊन सांगतं. फोन जाईल या भीतीने मुलं गप्प राहून पैसे भरत बसतात. त्यामुळे ‘असं काही झालं तर तुझा फोन घेणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा, आणि वेळ आली की खरोखर घेऊ नका.

‘बोललं तर डोक्यात भरतं.’

युनेस्कोने २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास पाहून सांगितलं, की लैंगिकता शिक्षणाने मुलांचे लैंगिक संबंध वाढत नाहीत. घरच्या बोलण्याचं काय? २०१६ मध्ये ५२ शोधनिबंध आणि २५ हजारांहून जास्त मुलं एकत्र पाहिली, तेव्हा आईवडिलांशी बोलणं आणि सुरक्षित वर्तन यांचा सहसंबंध ०.१ निघाला. लहानच आहे. वर ०.२ ला ढिला म्हटलं, तर इथे टाळ्या पिटणं अप्रामाणिकपणा होईल. आईच्या बोलण्यात तो जास्त दिसला, वडिलांच्या बाबतीत जवळपास नाहीच.

बोलणं फसतं ते बहुधा वेळ चुकल्याने. संशय आला त्या दिवशी विषय काढला की ती उलटतपासणी होते. दोघं एकाच दिशेला पाहत असताना, चालताना किंवा भांडी पुसताना, पाचेक मिनिटं पुरतात, आणि पुन्हा काही आठवड्यांनी. त्यात ठोस गोष्टी हव्यात. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची लस ९ ते १४ वयात. कंडोमवरची मुदत पाहायची. तेल किंवा व्हॅसलीन लागलं तर कंडोमचं रबर (लॅटेक्स) फाटतं. गर्भधारणा टाळायची तातडीची गोळी जितकी लवकर तितकी बरी, संबंधानंतर गोळीच्या प्रकाराप्रमाणे ७२ ते १२० तासांच्या आत. एचआयव्हीपासून बचावाची औषधं धोक्याच्या संबंधानंतर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. हे तास मुलाला माहीत नसले आणि विचारायला घरात कुणी नसलं, तर ते तसेच निघून जातात.