त्या माणसांना पुढचा आठवडा नसतो

आठ भागांची वेबसिरीज रात्री जागून संपवायची आणि शेवटच्या मिनिटाला कळायचं की त्या वाड्यातल्या बाईचं नक्की काय झालं ते पुढच्या सीझनमध्ये. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सध्या रात्री जेवणं आटोपली की मी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मालिका बघत बसते. 'द ट्वायलाइट झोन', 'वन स्टेप बियाँड', 'थ्रिलर', 'द आउटर लिमिट्स'. सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट आणि सगळ्यांत दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं घर. आमच्याकडे याला 'जुन्याचं वेड' म्हणतात. पण हे माझं जुनं नाहीच मुळी! 'ट्वायलाइट झोन'चा पहिला भाग सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर लागला २ ऑक्टोबर १९५९ ला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे बरोबर तेरा वर्षांनी. इथे गच्च्यांवर अँटेना चढायला लागल्या तोवर ती मालिका बंद पडूनही आठ वर्षं झाली होती. माझ्या लहानपणाशी तिचा काडीचा संबंध नाही. तेव्हा आठवणींचा कढ वगैरे काही नाही, आवडतं ते दुसऱ्याच कारणासाठी.

कारण सांगते. नेहमीच्या मालिकेत नायकाच्या गळ्यावर सुरी आली तरी आपण निवांत शेंगा सोलत असतो. त्याला पुढच्या सोमवारी यायचंय, हे आपल्याला माहीत असतं. अँथॉलॉजीत, म्हणजे दर भागाला नवी गोष्ट असलेल्या मालिकेत, ही सोय नाही. आज जो माणूस भेटला तो पंचवीस मिनिटांपुरता. लेखकाला त्याला जगवायची गरज नाही आणि मारायचीही नाही. तो वाचेल, वेडा होईल, भूत निघेल, नाहीतर अख्ख्या गावात तो एकटाच शहाणा ठरेल. काहीही होऊ शकतं आणि ते आजच होणार. माझी भीती तिथून येते. भूत बिचारं नंतर येतं.

'द हिच-हायकर' हा भाग घ्या, जानेवारी १९६० चा. नॅन अॅडम्स नावाची तरुण बाई न्यूयॉर्कहून एकटी गाडी चालवत कॅलिफोर्नियाला निघालीय. पेनसिल्व्हेनियात टायर फुटतो. मेकॅनिक येतो, चाक बदलतो आणि बोलता बोलता म्हणतो, बाई, खरं तर मला नाही, शववाहिनीला बोलवायला हवं होतं. भर दुपारी, हसत हसत. मग रस्त्याकडेला एक माणूस दिसतो, लिफ्टसाठी अंगठा दाखवत. चुरगळलेले कपडे, चेहऱ्यावर जरा ओशाळं हसू. पन्नास मैलांवर तोच. पुढच्या राज्यात तोच. तो धावत नाही, ओरडत नाही, दात दाखवत नाही, नुसता उभा असतो. तुम्ही ऐंशीच्या वेगाने गाडी हाणताय आणि पायी निघालेला माणूस तुमच्या पुढे पोचलेला आहे, एवढीच काय ती करामत. खर्च शून्य.

मूळ रेडिओ-नाटकात गाडी चालवणारा पुरुष होता. 'ट्वायलाइट झोन'चा कर्ता रॉड सर्लिंग, त्याने मालिकेसाठी त्याची बाई केली, आणि गोष्टीला आणखी एक धार आली. ती वाटेत ज्या कोणाला मदत मागते तो तिच्याकडे आधी 'एकटीच?' अशा नजरेने बघतो. एका खलाशाला ती सोबत म्हणून गाडीत घेते, तोही घाबरून उतरून जातो. त्याला भीती त्या माणसाची नाही, हिची वाटते! शेवटी ती घरी आईला फोन लावते आणि पलीकडून अनोळखी बाईचा आवाज येतो. पुढचं सांगत नाही.

आता ही गोष्ट आठ भागांत ताणा बघू. दुसऱ्या भागात नॅनचं बालपण, तिसऱ्यात खलाशाचं दुःख, चौथ्यात मेकॅनिकच्या बायकोचं प्रकरण. आणि त्या अंगठेवाल्याला एक 'बॅकस्टोरी' द्यावी लागेल, तिथेच तो मेला म्हणून समजा.

हे मी हवेत बोलत नाही. खुद्द 'ट्वायलाइट झोन'वर हा प्रयोग झालाय. १९६३ च्या जानेवारीत चौथा सीझन सुरू झाला तेव्हा चॅनेलने भाग अर्ध्या तासाचा एक तासाचा केला. अठरा भाग तसे निघाले. लेखक तेच, पण बहुतेक भागांत विसाव्या मिनिटाला गोष्ट कळून चुकते आणि पात्रं तेच तेच दोनदा बोलत बसतात. पाचव्या सीझनला मालिका गुपचूप अर्ध्या तासावर परत आली.

रंगाचं म्हणाल, तर तिथेही लोक चुकीच्या गोष्टीचं कौतुक करतात असं मला वाटतं. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे 'क्लासिक लूक', असं काहीतरी. अहो, त्या काळी टीव्ही तसाच होता, त्यात कलेचा काय संबंध? कला सुरू होते ती जॉर्ज क्लेमन्ससारखा कॅमेरामन अंधार कुठे ठेवायचा हे ठरवतो तिथे. १९६० च्या नोव्हेंबरमधला 'आय ऑफ द बीहोल्डर' बघा. हॉस्पिटल, रात्र, पलंगावर एक बाई, पूर्ण चेहरा बँडेजमध्ये. चेहरा सुधारण्यासाठी अकरावा उपचार झालाय आणि सरकारी नियमाप्रमाणे हा शेवटचा. जवळजवळ सगळा भाग या एका खोलीत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये. डॉक्टर येतात-जातात, नर्सा कुजबुजतात, सिगारेटी ओढतात.

हा भाग मी माझ्या भाचीबरोबर बघितला. इंजिनिअरिंगला आहे, एका हातात फोन असल्याशिवाय तिला काही बघता येत नाही. दहाएक मिनिटांनी तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "मावशी, यांच्यातल्या एकाचाही चेहरा का दाखवत नाहीयेत गं?"

बरोबर पकडलं पोरीने. डॉक्टर बोलत असतो तेव्हा कॅमेरा त्याच्या पाठीशी. नर्स वळते तर नेमकी दिव्याच्या आड जाते. पडद्यावरच्या सावल्या, हात, पांढरे कोट, लायटरची ज्योत, सगळं दिसतं, चेहरा तेवढा नाही. आणि हे इतकं सफाईने केलंय की पहिली काही मिनिटं आपल्या ध्यानातही येत नाही, नुसतं अस्वस्थ वाटत राहतं. रंगीत चित्रात हे जमवणं महाकठीण. निळा गाऊन, गुलाबी हात, हिरवी भिंत, डोळ्याला इतका माल मिळतो की अंधार हा अंधार न राहता 'लाइट कमी पडला' असं वाटतं. काळ्या-पांढऱ्यात सावली हीच वस्तू असते. बँडेजखाली मॅक्सिन स्टुअर्ट आहे आणि बँडेज सुटल्यावर दिसते ती डॉना डग्लस. एका भूमिकेला दोन नट्या, कारण पहिलीचा आवाज हवा होता आणि दुसरीचा चेहरा. क्लेमन्सला १९६१ साली एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि नुसतं ब्लॅक अँड व्हाइट असून भागत नाही, याचाही पुरावा याच मालिकेत आहे. दुसऱ्या सीझनला पैसे वाचवायला सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतले. त्यातला एक 'लाँग डिस्टन्स कॉल'. नातवाला वाढदिवसाला खेळण्यातला फोन देऊन आजी वारते, आणि पोरगा त्या फोनवर रोज आजीशी बोलायला लागतो. आजीला करमत नाहीये. नातू जवळ हवाय! कागदावर याहून भयंकर गोष्ट नसेल. पडद्यावर मात्र सगळं सपाट, उजेड सगळीकडे सारखा सांडलेला, एखाद्या दुपारच्या मालिकेचा सेट वाटावा असं. गोष्टीच्या जोरावर भाग तरतो, पण फिल्मवर घेतला असता तर काय झालं असतं, या हळहळीनेच मी तो बघितला. सहा भागांनंतर तो नाद त्यांनी सोडून दिला. रंगवलेल्या आवृत्त्या नेटवर फिरतात त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही, उगीच तोंड खराब होईल.

सर्लिंग हा माणूस मात्र दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर, फिलिपिन्समधल्या लेतेच्या लढाईत होता. परत आल्यावर लिहायला लागला आणि पन्नाशीच्या दशकात टीव्ही-नाटकांचा मोठा लेखक झाला. तेव्हा तो भुताखेतांचं काही लिहीत नव्हता. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला आणि कोर्टात आरोपी सुटले. सर्लिंगने त्यावर नाटक लिहिलं. प्रायोजक घाबरले. मेलेला मुलगा काळा राहिला नाही, गाव दक्षिणेतलं राहिलं नाही, थेट न्यू इंग्लंडला हलवलं. इतकंच काय, सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा उचलल्या, कारण त्यावरून दक्षिणेची आठवण येईल! १९५६ मध्ये ते जे काही उरलं होतं ते दाखवलं गेलं.

तीन वर्षांनी हाच माणूस परग्रह, भुतं आणि बोलक्या बाहुल्या घेऊन आला. जे डेमोक्रॅट-रिपब्लिकन पात्रांच्या तोंडी चालत नाही ते मंगळावरून आलेल्याच्या तोंडी चालतं, असं तो म्हणत असे. १९६० च्या मार्चमधला मेपल स्ट्रीटचा भाग बघा. शनिवारची संध्याकाळ, आकाशातून काहीतरी झर्रकन जातं आणि गल्लीतली वीज जाते. मग एकाची गाडी आपोआप सुरू होते आणि बाकीचे त्याच्या दारात. लिफ्ट बंद पडल्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे होतं तेच, फक्त इथे एकाच्या हातात बंदूक आहे. प्रायोजकाला यात आक्षेपार्ह काही दिसलं नाही. परग्रहवासी होते ना!

अर्थात सर्लिंगचा दोषही इथेच. त्याला प्रवचनाचा सोस. गोष्ट संपते, आपण सुन्न, आणि पडद्यामागून याचा आवाज येतो आणि आपल्याला काय कळलं ते आपल्यालाच समजावून सांगतो. १५६ पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिलेत, तेव्हा सगळेच सोनं असणार नाहीत. विनोदी भाग तर बहुतेक रडवेले. रिचर्ड मॅथेसनचे भाग मला जास्त आवडतात, तो भाषण देत नाही. त्याच्या 'द इन्व्हेडर्स'मध्ये अॅग्नेस मूरहेड संपूर्ण भागभर एक शब्द बोलत नाही. नुसती धापा टाकते, कण्हते, भाजल्यावर विव्हळते. बोलणारं कोणी नसल्यामुळे आपण कोणाच्या बाजूचे आहोत, हेही शेवटपर्यंत कळत नाही.

'वन स्टेप बियाँड' याच्याही आधीची, जानेवारी १९५९ ची. सूत्रधार आणि दिग्दर्शक जॉन न्यूलँड, अगदी शांत, बँकेतल्या साहेबासारखा. यांचा दावा असा की गोष्टी घडलेल्या आहेत. मला त्या दाव्याशी देणंघेणं नाही. एका भागात तर हे लोक मेक्सिकोत जादूच्या अळंब्या शोधत गेले आणि न्यूलँडने कॅमेऱ्यासमोर त्या स्वतः खाऊन दाखवल्या, १९६१ साली, टीव्हीवर! पण टायटॅनिकवरचा भाग बघाच. एका मुलीला बुडण्याची स्वप्नं पडतात. होणारा नवरा तिला खूश करायला मधुचंद्राची बोटीची तिकिटं आणतो. बोटीचं नाव ऐकलं की संपलं. मी वर म्हटलं, पुढे काय होणार ते माहीत नसतं म्हणून भीती वाटते. इथे पूर्ण माहीत असून वाटते. ती बिचारी बॅग भरत्येय आणि आपल्याला तारीखसुद्धा पाठ आहे.

'थ्रिलर'चे भाग तासाचे, त्यामुळे माझा वरचा नियम तिथे जरा लंगडा पडतो. 'पिजन्स फ्रॉम हेल' तासभर खुर्चीवरून हलू देत नाही. सूत्रधार बोरिस कार्लॉफ, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेला तोच. याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, पण घराणं हिंदुस्थानात मुरलेलं. त्याच्या आईच्या आईची सख्खी बहीण म्हणजे अॅना लिओनोवेन्स, सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती. ती आयुष्यभर स्वतःला वेल्सची म्हणवत राहिली. जन्म कुठला? आपल्या नगरचा, १८३१ चा. हे वाचल्यापासून कार्लॉफ पडद्यावर आला की मला तो लांबचा पाहुणा वाटतो. नगरकरांनी हक्क सांगायला हरकत नाही.

'आउटर लिमिट्स'बद्दल फार बोलत नाही, ती विज्ञानकथेकडे झुकते. दर आठवड्याला एक राक्षस पाहिजेच, असा चॅनेलचा आग्रह. बनवणारे आपसात त्या राक्षसाला 'अस्वल' म्हणायचे. अस्वलं रबरी आहेत, पण बऱ्याच भागांचं छायाचित्रण कॉनराड हॉलचं आहे, ज्याने पुढे तीन ऑस्कर घेतली, आणि ते दिसतं.

मतकरी-धारप वाचून वाढलेल्यांना यातलं काही परकं वाटणार नाही, म्हणून बिनधास्त सुरुवात करा. क्रम विचाराल तर आधी 'द हिच-हायकर', मग मेपल स्ट्रीट, मग 'आय ऑफ द बीहोल्डर'. त्यानंतर 'नाइट कॉल', पण तो घरात लँडलाइन असलेल्यांनी दिवसा बघावा. 'वन स्टेप बियाँड'चे बरेच भाग आता कॉपीराइटबाहेर आहेत, नेटवर फुकट मिळतात. सर्लिंग शेवटी बोलायला आला की आवाज बंद करा, गोष्ट तोवर पूर्ण झालेली असते. आणि चौथा सीझन अगदी शेवटी ठेवा. नाही बघितलात तरी माझी हरकत नाही.