डीएनए, पंचविशी आणि आत्याबाईंचा फॉरवर्ड

माझ्या 29 वर्षांच्या भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे. तिच्या सख्ख्या आत्याबाईंनी परवा तिला एक फॉरवर्ड पाठवला, वर 'सहज वाचनात आलं' अशी मखलाशी. मजकूर थोडक्यात असा: डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 37 संस्कृतींचा अभ्यास करून सिद्ध केलंय, की पुरुषाला लग्नासाठी पंचविशीच्या आतली, 'अस्पर्श' मुलगीच हवी असते, स्त्रीच्या शरीरात पहिल्या पुरुषाचा डीएनए कायमचा राहतो आणि पुढच्या मुलांत उतरतो, पुरुषाला वयाची अट नाही, आणि लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने हे कोरून ठेवल्यामुळे ते बदलणार नाही.

आधी डीएनए, कारण आत्याबाईंनी नेमकं तेच वाक्य ठळक करून पाठवलं होतं. हे खूळ जुनं आहे. 1821 साली लॉर्ड मॉर्टन नावाच्या माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं, की त्याच्या घोडीचा आधी झेब्र्यासारख्या क्वागाशी संकर झाला होता, आणि पुढे साध्या अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या पायांवरही पट्टे आले. खुद्द डार्विनने ते खरं धरलं. मग 1890च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जेम्स युअर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने झेब्रे आणि घोड्या घेऊन प्रयोग केले. नंतरच्या शिंगरांत झेब्र्याचं काही उतरलं नाही, आणि असे पुसट पट्टे कधीही झेब्रा न पाहिलेल्या घोडीच्या शिंगरांनाही असतात हे दिसलं. सव्वाशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आज 'डीएनए' हा शब्द लावून परत फिरतेय.

तिला नवा आधार बहुधा सिएटलच्या 2012 सालच्या एका अभ्यासाचा दिला जातो. मरण पावलेल्या 59 स्त्रियांचे मेंदू तपासले, तर 63 टक्के जणींच्या मेंदूत पुरुषी डीएनए सापडला. संशोधकांच्या मते तो आला असण्याची सर्वाधिक शक्यता गर्भारपणातून, म्हणजे पोटातल्या मुलग्याच्या पेशींतून. यावर कुणी आईच्या मायेचा फॉरवर्ड केला असता तर एक वेळ समजू शकले असते! शिवाय बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तिच्या आयुष्यात पुढे कोण आलं नि कोण गेलं, याची नोंद त्यात कोण करणार? असलं काहीबाही लग्नाच्या मुलीला पाठवायचं, म्हणजे तिने स्वतःच्या शरीराची शिसारी बाळगावी हीच इच्छा.

आता डेव्हिड बसच्या अभ्यासाकडे येऊ. अभ्यास खरा आहे: 1989 साली प्रसिद्ध झालेला, 33 देशांतले 37 नमुने (म्हणजे लोकांचे गट), दहा हजारांवर माणसं. फक्त फॉरवर्ड करणाऱ्याने तो उघडलेला नाही. कौमार्याला 0 ते 3 असे गुण द्यायचे होते. चीन आणि भारतात ते दोनच्या वर गेले, स्वीडनमध्ये जेमतेम शून्याच्या वर. देशोदेशी इतकी तफावत दुसऱ्या कुठल्याच गुणात नव्हती. 37पैकी 14 नमुन्यांत तर या बाबतीत स्त्री-पुरुषांत फरकच सापडला नाही. जगभरच्या पुरुषांच्या रक्तात असलेली गोष्ट स्वीडिश पुरुषांच्या रक्तातून कुठे गेली? आणि क्रमवारी लावायला सांगितल्यावर सगळीकडे स्त्री-पुरुष दोघांनीही दयाळू, समजूतदार स्वभाव आणि बुद्धी यांना रूप आणि कमाईच्या वर ठेवलं. हे वाक्य मात्र गाळलंय.

वयाचं अर्धसत्य आहे, नाही म्हणत नाही. सर्व 37 नमुन्यांत पुरुषांना स्वतःपेक्षा लहान बायको हवी होती. किती लहान? सरासरी 2.66 वर्षांनी. त्या हिशोबाने बत्तिशीच्या मुलाला 29ची मुलगी चालायला हवी. पंचविशीची रेघ त्यात नाही, ती इथे कुणीतरी मारली.

पुरुषाला वयाची अट नाही, हेही खोटं. आइसलँडमधल्या 2012च्या संशोधनानुसार बापाचं वय वर्षाने वाढलं की बाळात साधारण दोन नवी उत्परिवर्तनं (डीएनएतले बदल) जास्त येतात. चाळिशीतले नवरदेव याकडे काणाडोळा करतात.

राहिलं 'बदलणार नाही'. अमेरिकेत 1939 ते 1996 या काळात वेळोवेळी तरुणांना जोडीदाराबद्दल तेच प्रश्न विचारले गेले. पुरुषांच्या लेखी कौमार्याचं महत्त्व घसरलं, बायकोच्या कमाईचं वाढलं. सत्तावन्न वर्षांत. ही आकडेवारी एकत्र मांडणाऱ्यांत बस स्वतः होता.

आपल्याकडचे पुरुष खरोखर कशावर निवड करतात, तेही मोजून झालंय. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती आणि त्यांना आलेली पत्रं तपासली; निबंध 2013 साली आला. 'अतिशय सुंदर' आणि 'बरी दिसणारी' अशा दोन मुलींतल्या फरकाने वरपक्षाला जेवढा फरक पडत होता, त्याच्या दुप्पट मुलगी जातीतली असण्याने पडत होता. लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या गवताळ रानात पोटजाती होत्या का, हे आत्याबाईंनी पुढच्या फॉरवर्डमध्ये कळवावं.