फॉरमॅटला ‘येस’ म्हणायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

जुन्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क लावली आणि ती दिसेना, तर करायचे ‘चार रामबाण उपाय’ सांगणारा एक मेसेज सध्या इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. परवा तो रामबागेतल्या माझ्या काकांपर्यंत पोचला. आजोबांच्या भजनांच्या कॅसेट त्यांनी खपून कॉम्प्युटरवर उतरवल्यात आणि त्या सगळ्या त्याच एका डिस्कवर आहेत. पहिला उपाय करण्याआधी त्यांनी फोन केला, म्हणून वाचलं.

तो पहिला उपाय असा: ‘विंडोजनं फॉरमॅट करू का विचारलं तर बिनधास्त येस करा. क्विक फॉरमॅटची टिक काढा, म्हणजे काम पक्कं होतं. डेटा नंतर सॉफ्टवेअरनं परत येतो.’

क्विक फॉरमॅटमध्ये बहुतेक डेटा जागेवरच राहतो आणि बराचसा परत मिळू शकतो, एवढं मान्य. पण हा मेसेज नेमकी तीच टिक काढायला सांगतोय! विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट (ती टिक काढून केलेलं) म्हणजे अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिणं, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनं लिहून ठेवलंय. त्यावर शून्यं लिहिली गेली की कुठलंही सॉफ्टवेअर डेटा परत आणत नाही. हे लिहिणाऱ्यानं स्वतःच्या घरचे फोटो असलेल्या डिस्कवर हे करून पाहिलंय का?

शिवाय फॉरमॅटचा प्रश्न आला म्हणजे डिस्क बिघडली, असं मुळीच नाही. काकांची डिस्क 250 जीबीची, आयडीई, म्हणजे जुन्या रुंद पट्टीच्या केबलची. मशीनवर विंडोज एक्सपी, तीही सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) न टाकलेली. डिस्कवरच्या प्रत्येक जागेला पत्ता असतो, आणि जुन्या 28-बिट पद्धतीत 137 जीबीच्या पुढचा पत्ताच लिहिता येत नाही. विंडोजची जीबी मोजायची पद्धत वेगळी, म्हणून ती हाच आकडा 128 दाखवते. 48-बिट पत्त्यांची सोय एक्सपीला सर्व्हिस पॅक 1 मध्ये, 2002 साली मिळाली, आणि बायोसलाही (कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ती कळावी लागते. नाहीतर धडधाकट डिस्क अर्धवट दिसते किंवा रिकामी वाटते. अशा वेळी येस तर नकोच, विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्कसुद्धा नको. ‘दुरुस्ती’च्या नावाखाली तीही डिस्कवर लिहिते. काकांची डिस्क यूएसबी अडॅप्टरनं माझ्या लॅपटॉपला लावली, तर सगळी भजनं जागच्या जागी. आधी कॉपी काढली, मग बाकीचं.

दुसरा उपाय: ‘डिस्क दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा.’ कृपा करून ठेवू नका. जुन्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आतबाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी. ते झाकू नका असं बऱ्याच डिस्कवर छापलेलंही असतं. गारठलेली डिस्क इंदूरच्या जुलैच्या हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि ओलावा आतही जाऊ शकतो. आत वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे पाण्याचा थेंब काय करेल ते सांगायला नको.

तिसरा: ‘जंपर काढून फेका, आता लागत नाहीत.’ जंपर म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवरची बारीक टोपी. साटा, म्हणजे नव्या बारीक केबलच्या डिस्कना मास्टर-स्लेव्ह (पहिली कोण, दुसरी कोण हे जंपरनं ठरवणं) लागत नाही, हे खरं. पण आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क असतील, तर दोन्ही मास्टर ठेवून चालत नाही. आणि साटावरचा जंपरही कधी कामाचा असतो: व्हीआयएच्या व्हीटी8237 सारख्या जुन्या कंट्रोलरचं (मदरबोर्डवरची डिस्क सांभाळणारी चिप) सेकंदाला 3 गिगाबिट वेगाच्या डिस्कशी जमत नाही. काही डिस्कवर जंपर लावून वेग 1.5 वर आणता येतो, मग ती दिसू लागते.

उरला चौथा: ‘बायोसमध्ये दिसली नाही म्हणजे डिस्क मेली.’ मदरबोर्डात वेगळ्या बसवलेल्या पीसीआय कार्डाला लावलेली डिस्क पुष्कळदा मुख्य बायोसमध्ये दिसतच नाही. कार्डाची स्वतःची बायोस असेल तर सुरू होताना तिची वेगळी स्क्रीन येते, तिथे बघा. केबल आणि पॉवरचा कनेक्टर बदलून बघा. जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) जास्तीच्या डिस्कला कमी पडतो, हेही तपासा.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजखाली, पहिला आणि दुसरा उपाय करू नका असं आजच लिहा.