म्युझिक व्हिडिओ एमटीव्हीने जन्माला घातला नाही

‘१ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं आणि म्युझिक व्हिडिओ जन्माला आला.’ हे वाक्य सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा फिरतं. सोबत आणखी तीन विधानं असतात: त्याआधी पडद्यावरचं गाणं म्हणजे सिनेमाचा तुकडा किंवा मैफलीचं चित्रण, हवं ते गाणं निवडून बघायची सोयच नव्हती, आणि कृष्णवर्णीय कलावंतांना हे दार १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनने उघडून दिलं. यातली वाहिनी सुरू झाल्याची तारीख बरोबर आहे. बाकीचं तपासू.

शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९४० मध्ये ‘पॅनोरम’ नावाचं यंत्र आणलं. भलंमोठं लाकडी कपाट, आत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि आरसे, वरच्या भागात पडदा. दहा सेंटचं नाणं टाकलं की सुमारे तीन मिनिटांची गाण्याची फिल्म लागायची. या फिल्मना ‘साउंडी’ म्हणत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा जेम्स या धंद्यात भागीदार होता. काही वर्षांतच अठराशेच्या वर साउंडी निघाल्या.

आणि हे मैफलीचं चित्रण नव्हतं. गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं, मग सेटवर कलाकार त्या प्लेबॅकवर ओठ हलवायचे. सोबत नाच, वेशभूषा, जमलं तर इवलंसं कथानक. खरं तर पॅरिसमध्ये गोमाँ कंपनीसाठी अ‍ॅलिस गी हिने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ग्रामोफोनच्या तबकडीशी ओठ जुळवलेल्या गाण्यांच्या फिल्म केल्या होत्या. चाळीस वर्षं मागे जाऊनही आपण आरंभाला पोचत नाही.

निवडीचं म्हणणं पॅनोरमपुरतं खरं आहे. रिळावर आठ फिल्म असत आणि पुढे असेल तीच बघावी लागे. पण १९६० मध्ये फ्रान्समध्ये ‘स्कोपिटोन’ आलं: रंगीत चित्र, ३६ फिल्म, बटण दाबून हवी ती लावा. जॉनी हॅलिडे, फ्रान्स्वाज आर्दी, सिल्वी वार्तां यांची गाणी त्यावर गाजली, आणि पुढे नावाजलेला चित्रपट-दिग्दर्शक क्लोद लल्यूशने उमेदीच्या काळात यातल्या काही फिल्म दिग्दर्शित केल्या. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कामगारांच्या कॅफेंमध्ये याच यंत्रावर अरबी आणि कबाइल (अल्जीरियातल्या एका समाजाची भाषा) गाणी लागत. परक्या मुलखात आपल्या भाषेचा गायक डोळ्यांनी बघायला मिळणं ही त्या माणसांसाठी केवढी गोष्ट असेल!

मला सगळ्यात जास्त खुपतो तो शेवटचा दावा. मायकेल जॅक्सनचं कर्तृत्व निर्विवाद आहे, पण त्याने उघडलं ते एमटीव्हीचं दार, आणि ते बंद ठेवलं होतं एमटीव्हीनेच. १९८३ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने त्याच वाहिनीवरच्या मुलाखतीत थेट विचारलं होतं, की कृष्णवर्णीय कलावंत इथे इतके कमी का दिसतात. साउंडीमध्ये ते चाळीस वर्षं आधीच होते, आणि एखाददुसरे नव्हेत: ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, कॅब कॅलोवे, लुई जॉर्डन, नॅट किंग कोल. फॅट्स वॉलरने १९४१ मध्ये चार साउंडी केल्या आणि १९४३ च्या डिसेंबरात तो गेला. पियानोवर बोटं आणि भुवया एकाच तालात नाचवणारा तो माणूस आज आपल्याला दिसतो त्यात या फिल्मचा मोठा वाटा आहे. पुढे प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरलेली डोरोथी डँड्रिज विशीत इथे गात-नाचत होती. १९४२ च्या एका साउंडीत ड्रमवादक जीन कृपाच्या बँडसोबत गोरी गायिका अनिता ओ’डे आणि कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज बरोबरीने गप्पा मारत गातात. अमेरिकेत वर्णभेद कायद्याने चालत होता त्या काळात! साचेबद्ध, अपमानकारक भूमिकाही या फिल्ममध्ये आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण ‘१९८३ आधी कोणी नव्हतं’ म्हटलं की ही सगळी माणसं पुसली जातात.

‘खरा म्युझिक व्हिडिओ रेकॉर्डच्या जाहिरातीसाठी असतो’ असाही बचाव होतो. ती कसोटी लावली तरी १९८१ टिकत नाही. बीटल्सनी १९६६ मध्येच टीव्हीवर स्वतः जाण्याऐवजी आपल्या नव्या गाण्यांच्या फिल्म पाठवल्या होत्या. एमटीव्हीवर सर्वांत आधी दाखवलेला ‘द बगल्स’चा व्हिडिओसुद्धा १९७९ च्या गाण्याचा. चोवीस तास व्हिडिओच दाखवणारी वाहिनी ही एमटीव्हीची खरी कामगिरी, आणि ती लहान नाही.

साउंडी आज इंटरनेटवर सहज सापडतात. एखादीत पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर ती बनावट समजू नका. पॅनोरममध्ये चित्र आरशांवरून पडद्यावर जायचं, म्हणून फिल्मची प्रतच उलटी छापत. साध्या प्रोजेक्टरवरून केलेल्या कॉपीत ते तसंच राहून जातं.