'चार्ज' दिसला की 'शुल्क'?

फोनला पिन लावली की स्क्रीनवर 'शुल्क आकारत आहे'! अहो, बॅटरी चार्ज होतेय, पैशांचा काय संबंध? इंग्रजीत 'चार्ज' दिसला की मराठी अनुवादात 'शुल्क' चिकटवायचं, हे अजून किती दिवस चालणार? पोलीस कोर्टात दाखल करतात ते आरोपपत्र, नवा अधिकारी स्वीकारतो तो पदभार, इलेक्ट्रॉनवर असतो तो ऋण प्रभार आणि वीजबिलातला तो स्थिर आकार. या एकाच 'चार्ज'साठी मराठीने प्रत्येक जागेला वेगळा शब्द केव्हाच दिलाय! पण कंपन्या अनुवादाला सुटे शब्द पाठवतात. तो शब्द बॅटरीच्या चिन्हाखाली येणार की बिलावर, हे सांगतच नाहीत. निदान स्क्रीनचा फोटो तरी जोडा! आणि बॅटरीसाठी सरळ 'चार्ज होत आहे' लिहा, सगळ्यांना कळतं.