गिरणी बंद पडल्यावर खायचे काय?

मे महिना संपत आला की आमच्या घरात दोन ठिकाणच्या पाण्याची काळजी एकाच वेळी सुरू होते. मी राहते अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातील टँपा शहराजवळ, जेथे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. आणि माझे माहेर आहे सांगलीच्या गावभागात, जेथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. दादाच्या फोनवर या दिवसांत प्रामुख्याने कृष्णेवरच्याच, पण खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय असतो. धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत वाढली तर आपले काय होणार, कोयनेतून विसर्ग कधी सुरू करायला हवा होता, दोन राज्यांचे अधिकारी वेळेवर एकमेकांशी बोलतात की नाही, हे प्रश्न खरे आहेत आणि सांगलीकरांनी ते नेटाने लावून धरलेच पाहिजेत. परंतु या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न मला कोठेच ऐकू येत नाही: पाणी आल्यावर पहिले आठ दिवस घरातल्या माणसांनी खायचे काय?

आमच्याकडे बेगमीची सवय नाही, असे कोणीच म्हणणार नाही. हरिपूरच्या पेवांमध्ये जमिनीखाली वर्षानुवर्षे हळद टिकवणारा हा मुलूख आहे. उन्हाळ्यात आई शाळू उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला मिसळून पत्र्याच्या डब्यांत भरते. सांडगे, कुरडया, पापड, शेवया आणि वर्षाची चटणी हे सारे मृगाच्या आधी उरकलेले असते. 2019 च्या ऑगस्टमध्येही हे सगळे घरात होते, आणि भिंतीवरची 2005 च्या पुराची खूण पाहून आईने ते त्या खुणेच्या वर, माळ्यावर ठेवले होते. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेले आणि माळाही बुडाला. आई आणि दादा-वहिनी पाच दिवस शेजाऱ्यांच्या माडीवर राहिले. वेळेवर वर नेता आले ते गव्हाचे एक पोते आणि कुरडयांचा डबा. परंतु वीज नसल्यामुळे गिरणी बंद होती, गॅसची टाकी खाली पाण्यात होती, आणि तळणीला तेल असूनही चूल नव्हती. होडीतून पाकिटे येईपर्यंत दोन दिवस त्या दोन कुटुंबांना शेजाऱ्यांच्या घरातल्या भडंगाने आणि शेंगदाणे-गुळाने तारले. वहिनी नंतर मला म्हणाली, “ताई, घरात पोतंभर गहू होता आणि पोरं भुकेली होती.”

हे वाक्य मी येथे साठा भरताना दर वर्षी आठवते. येथील सरकारी सूचना धान्याबद्दल फारसे बोलत नाहीत. त्या विचारतात की वीज, गॅस आणि नळाचे पाणी नसताना तुमच्या घरातील कोणती वस्तू थेट तोंडात घालता येईल. फ्लोरिडामध्ये किमान सात दिवसांची तयारी ठेवायला सांगतात आणि पिण्यासाठी व स्वच्छतेसाठी माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे 3.8 लिटर, पाणी धरायला सांगतात. चौघांच्या घराला हे आठवड्याचे शंभर लिटरच्या वर जाते. 9 ऑक्टोबर 2024 रोजी मिल्टन वादळ ‘सिएस्टा की’ या बेटावर किनाऱ्याला लागले तेव्हा राज्यात 30 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. त्याच्या तेराच दिवस आधी हेलेन येऊन गेले होते, त्यामुळे अनेक घरांतील साठा तोवर संपलेला होता. दार न उघडता फ्रिज चार तास थंडावा धरतो आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास. त्यापुढे कपाटात जे आहे तेच अन्न. आमच्या कपाटात डबाबंद छोले, टिकाऊ दूध, पीनट बटर आणि हाताने चालवायचे कॅन ओपनर असते, आणि त्याच फळीवर पातळ पोहे, फुटाणे, मेतकूट, गूळ, तासगावचे बेदाणे आणि सातूचे पीठ. पोहे नुसत्या पाण्यात भिजतात, सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवले की एका वेळचे जेवण होते. डब्यांपेक्षा या फळीवर माझा अधिक विश्वास आहे.

येथील पद्धत डोळे झाकून उचलावी, असे मात्र मी म्हणणार नाही. येथे साठा ही जवळजवळ संपूर्णपणे ज्याची त्याची जबाबदारी मानली जाते. वादळाचा इशारा आला की दुकानांतील पाण्याच्या फळ्या काही तासांत रिकाम्या होतात, आणि ज्याचा पगार अजून हातात आलेला नाही त्याला उरलेसुरले घ्यावे लागते. आपल्याकडे रेशन दुकान आहे, हे मला परदेशात राहून अधिक मोलाचे वाटू लागले आहे. 2025 मध्ये केंद्र सरकारने पावसाळ्यापूर्वी जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य आगाऊ देण्यास राज्यांना सांगितले, हा निर्णय योग्य होता. परंतु पूररेषेतील शिधापत्रिकाधारकाला तीन महिन्यांचे गहू-तांदूळ देणे म्हणजे त्याला हलवण्यासाठी आणखी एक ओझे देणे होय. अशा प्रभागांत आगाऊ धान्याचा थोडा भाग तरी फुटाणे, पोहे आणि गूळ या रूपात, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मिळावा, ही मागणी अलमट्टीच्या मागणीशेजारी मांडली गेली पाहिजे. ती मान्य करायला दुसऱ्या राज्याची संमती लागत नाही.

साठा घरात आहे म्हणून माणसाने घर सोडू नये, असा अर्थ कोणी काढू नये. 2019 मध्ये 2005 च्या खुणेवर विसंबून अनेक जण थांबले, आणि नंतर होडीशिवाय बाहेर पडता येईना. पाण्याने स्पर्श केलेल्या अन्नाबाबतही आपण फार हळवे आहोत. पुराचे पाणी झाकणाच्या फटीतून आत जाते. त्यामुळे दादरा बांधलेली लोणच्याची बरणी असो की फिरकीच्या झाकणाची बाटली, पाण्यात बुडाली असेल तर टाकलीच पाहिजे. कारखान्यात बंद केलेला धातूचा डबा मात्र फुगलेला किंवा गंजलेला नसेल, तर लेबल काढून, धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतो. ओल लागलेले शेंगदाणे वाळवून पुन्हा वापरू नयेत, कारण त्यांवरील बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते आणि ते भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. आईने त्या वर्षी तीन बरण्या कैरीचे लोणचे ओतून दिले तेव्हा ती रडली होती; तो तिचा दोन महिन्यांचा घाम होता.

आता वहिनीने व्यवस्था बदलली आहे. उन्हाळी वाळवण घरीच राहते, परंतु घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा पिंप मेच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीतल्याच विश्रामबाग भागात तिच्या बहिणीकडे जातो, कारण पूर आला की सगळ्यांनी तेथेच जायचे, हे आधीच ठरलेले आहे. त्यात पोहे, फुटाणे, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, कडक भाकऱ्या, गूळ, आईची औषधे आणि काडेपेटी असते. दसऱ्याला पिंप परत येतो, आतला खाऊ मुले संपवतात, आणि पुढच्या मेमध्ये तो नव्याने भरला जातो.