तात्यांची मोटर आणि १४३ दिवस

‘मोबाईल मोटरवर ठेवा, बेअरिंग कोणत्या दिवशी जाणार ते अ‍ॅप सांगेल’ हा मेसेज मला वर्षभर येतोय. मेंटेनन्समध्ये नोकरी करतो, असल्या गोष्टी पुसून टाकायची सवय आहे. पण तो आमच्या तात्यांकडे पोचला. त्यांच्या पिठाच्या गिरणीतली दहा एचपीची मोटर कण्हायला लागली होती. अ‍ॅप म्हणालं, ‘१४३ दिवस शिल्लक’. तात्या निर्धास्त. नवव्या दिवशी बेअरिंग जाम, वाइंडिंग जळालं आणि ऐन भाजणीच्या गर्दीत गिरणी बंद.

आधी त्या तारखेचंच बघू. २०१२ साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या एका स्पर्धेसाठी फ्रान्समधल्या बेझांसोंच्या फेम्टो-एसटी संस्थेने बेअरिंगं निकामी होईपर्यंत फिरवून नोंदी दिल्या होत्या. मॉडेल एकच, मिनिटाला १८०० फेरे, भार ४००० न्यूटन, यंत्रही तेच. एक बेअरिंग पावणेआठ तास चाललं, दुसरं अडीच तासही नाही. तिथला कंपन मोजणारा सेन्सर सेकंदाला २५,६०० नोंदी घेत होता. स्वच्छ प्रयोगशाळेत जुळ्या भावंडांची ही तऱ्हा! आणि यांचं अ‍ॅप, पीठ उडणाऱ्या खोलीत, ज्वारीनंतर हरभरा दळायला घेतला की भार बदलणाऱ्या मोटरवर, छातीठोकपणे १४३ म्हणतं. दीडशेच्या आसपास नाही, १४३. जाणता माणूस ‘दोन ते सहा आठवडे’ असं काहीतरी सांगतो आणि बिघाड वाढेल तसा तो अंदाज आवळत आणतो. बिघाड सुरूच झाला नसेल तर कंपनातून कळणार तरी काय?

मेसेजमधला पुढचा मुद्दा: ‘कंपनीने दिलेले तास भरले की बेअरिंग बदलाच.’ तो आकडा म्हणजे शंभरातली नव्वद बेअरिंगं तेवढी टिकतात एवढंच. दहा आधीच जातात, बाकीची बरीच पुढे चालतात. तुमचं कुठलं, ते त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय तो हिशेब ठरावीक भाराचा. भार दुप्पट झाला तर बॉल बेअरिंगचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. तात्यांचा धाकटा पट्टा तुणतुण्याच्या तारेसारखा ताणतो, ते त्या अ‍ॅपला कुणी सांगितलं होतं का?

‘ग्रीस जास्त, आयुष्य जास्त’: साफ चूक. ठासून भरलं की बेअरिंग तापतं.

फोन अगदीच कुचकामी नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला २४ फेरे. पुली तिरकी किंवा पाया ढिला असेल तर तेवढं फोनला कळतं. दर आठवड्याला त्याच जागी, तेवढ्याच भारावर मोजून वहीत लिहा, उपयोग होईल. पण बेअरिंगवरचा पहिला ओरखडा सेकंदाला हजारो कंपनांच्या पट्ट्यात बोलतो आणि बहुतेक फोनमधला हा सेन्सर सेकंदाला काहीशे नोंदींवरच थांबतो. त्याच्या आधी तात्यांच्या कानाला कळतं. कळलंच होतं की! ‘कण्हतेय’ हे तेच म्हणाले होते, अ‍ॅपने त्यांना गप्प बसवलं.

हा मेसेज त्यांनी पुढे कुणाला पाठवला, विचारलं. म्हणाले, ‘तालुक्यातल्या गिरणीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलाय.’